वाढली

दारांवरचे लाल आकडे मी काढले.
एक ते एकशे चौदा.
ऑइलपेंटचा डबा नगरपरिषदेचा, ब्रश माझा,
आणि सदुसष्ट नंबरचं दारही माझंच.
तिथं हात थरथरला वगैरे काही नाही,
सात जरा वाकडा आला, एवढंच.

मुरूमटेकडीवर हौसेनं कुणी चढलं नव्हतं.
अंबाजोगाईत खाली जागा नव्हती, वर सरकारी होती.
आमच्या बापजाद्यांनी आधी तिचा उतार खोदला,
ट्रॅक्टर भरभरून मुरूम गावात गेला.
कोर्टापुढचा रस्ता, शाळेचं मैदान, बसस्टँडची भर,
सगळीकडं ती टेकडीच अंथरलेली आहे.
खोदून जो ओटा उरला
त्यावर पत्रे टाकून आम्ही राहिलो,
गावानं खाऊन उरलेल्या भागात.

जूनमध्ये भूगर्भवाल्या बिडवे मॅडम आल्या.
माझ्या भिंतीतल्या तड्यावर त्यांनी काचेची पट्टी
आडवी चिकटवली सिमेंटनं.
म्हणाल्या, भिंत सरकली तर ही फुटेल.
तुमच्या आधी फुटेल, म्हणून लावलीय.

शेजारच्या दुर्गव्वाला पटलं नाही.
"सरकारच्या काचंवर मपलं घर सोडू व्हय?"
तिनं हातातली एक हिरवी बांगडी वाढवली,
तुकडा ओल्या सिमेंटात दाबून
चुलीमागच्या तड्यावर बसवला.
रोज सकाळी राख काढायच्या आधी बघायची.
लेकरं शाळेला जाताना ओरडून विचारायची,
मावशे, हाय का?
हाय, हाय. जावा.

आषाढातल्या एका पहाटे
ती दारात येऊन नुसती उभी राहिली.
"वाढली," म्हणाली.
बांगडी म्हणाली की भेग,
कुणी विचारलं नाही.
आठ दिवसांत ट्रक लागले.

नवी वसाहत गट नंबर दोनशे अकरामध्ये,
सात किलोमीटरवर, रिक्षाला तीस रुपये.
तिथं नळ आहे. हे सांगायलाच पाहिजे,
कारण टेकडीवर नव्हता.
पहिल्या सकाळी दुर्गव्वा सवयीनं घागर घेऊन निघाली
आणि उतरायला उतारच नाही
म्हणून दारात थबकली.
सगळं सपाट. परातीत ठेवल्यासारखी घरं.
लेकरांना चेंडू हरवता येईना.

आणि जमीन काळी.
पावसात फुगते, उन्हाळ्यात
मनगट जाईल एवढी फाटते.
चैत्रात माझ्या नव्या गिलाव्यावर
केसाएवढी रेघ उठली.
मी बायकोला दाखवली नाही.
तिनंही मला दाखवली नव्हती.

दोन पावसाळे झाले. टेकडी पडली नाही.
शकूरभाई कुकर दुरुस्त करायला रोज गावात जातात,
संध्याकाळी रिक्षातून उतरता उतरताच सांगतात,
"अजून तिथंच बसलीय, बसू द्या."
पहिल्या साली लोक हसायचे.
आता कुणीतरी मध्येच उखडतं,
कामून नाही पडत मग?
कामून उठवलं आम्हाला?
खोटं कशाला बोलू, गेल्या भादव्यात
रात्रभर पत्रा वाजत होता तेव्हा
माझ्याही मनात आलं,
पडावी एकदाची. आमचं खरं व्हावं.

मग उठून बसलो.
वर अजून पाच घरं आहेत.
ज्यांना रहिवासाचा कागद दाखवता आला नाही
त्यांची नावं यादीत आली नाहीत.
तिपण्णा तिथंच जन्मला,
पण टेकडीवर जन्मल्याचा दाखला कोण देणार?
त्याचा नंबर एकोणीस.
तो सकाळच्या पारी काढलेला, डबा नवा होता,
रंग घट्ट.
खालच्या रस्त्यावरून अजून वाचता येतो.